तिनं मासे सोडले तेव्हापासून

समुद्र मी पाहिलेला नाही. आता पाहायचाही नाही. पण समुद्रात टाकायचा गळ, त्याचा दोर, दोराला बांधायचं शिशाचं वजन, हे सगळं माझ्या घरी ओसरीतल्या खुंटीला टांगलेलं आहे. नागपुरात बसून असलं सामान बाळगणारा माणूस लोकांना वेडा वाटतो. वाटू द्या. मला ऐकू येत नाही म्हणून लोक माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलतात. उभी हयात गिरणीच्या विणकाम खात्यात काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

मागांच्या खडखडाटात माझे कान गेले. तिथं कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही. ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या, झालं. घरीही तीच रीत पडली. लग्नानंतर काही वर्षं बायको माझ्याशी ओरडून बोलायची. मग आपलं सगळं गल्लीला कळतं असं तिच्या लक्षात आलं आणि ती नुसते ओठ हलवायला लागली. अंगणाच्या त्या टोकाला ती चुलीशी बसून बिनआवाजी बोलते आणि इकडे मला सगळं समजतं. भांडणंही आम्ही अशीच केली. शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुण्यागोविंदानं नांदतात दोघं.

मुलगा एकुलता एक. त्याला मागावर बसवायचं नाही हे तो पाळण्यात होता तेव्हाच मी ठरवलं होतं. तो मोटारीचं काम शिकला, आणि लढाई सुरू झाली तेव्हा फौजेत मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला. मला ते अजिबात पसंत नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, मी का बंदूक चालवाले जाऊन राहिलो? पान्हा चालवाले जाऊन राहिलो." पहिली नेमणूक मुंबईकडे झाली. तिथं त्याच्या तुकडीत रत्नागिरीकडचा एक जोडीदार होता. त्यानं सुट्टीत ह्याला आपल्या गावी नेलं. नाईक तलावापलीकडे पाणी न पाहिलेला आमचा पोट्टा तिथं समुद्राच्या काठी गळ टाकायला शिकून आला.

मग रजेवर घरी आला तो दुसरं काही बोलेचना. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात कसं उभं राहायचं, मुडदुशी म्हणून एक मासा असतो तो वाळूच्या कडेकडेनं कसा फिरतो, झिंग्याचं आमिष कसं ओवायचं. आणि लेप. हा लेप त्याच्या अगदी डोक्यात बसला होता. म्हणे हा मासा भाकरीसारखा चपटा असतो, तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहतो, आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. हे दाखवायला त्यानं आपला पंजा जमिनीवर पालथा ठेवला आणि पंजाच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

"दोन्ही डोळे एकाच बाजूले," तो म्हणाला. "तळाशी पडून वरतं पाहत राहते."

"काहून थापा मारून राहिला गा?" मी म्हणालो. "देवानं कोन्या मासोळीले असं बनवलं नाई."

"आता हाव म्हना नाई तं नाई म्हना. तुमी रिटायर झाले का मी तुमाले घेऊन जातो. आईले बी. मंग पाहा सोताच्या डोळ्यानं."

बायको चुलीपुढून हसत होती. तिचा मुलावर विश्वास होता, माझ्यावर नव्हता. मी त्याला रजा संपेपर्यंत थापाड्या म्हणून हाक मारली. पण मनातून बेत मला आवडला होता. गिरणीतून सुटलो की करायचं काय, हा प्रश्न मला छळत होता. पत्ते मला येत नाहीत, भजनात बसून बहिऱ्यानं काय करायचं? पाण्याच्या काठी गप्प बसायचं हे काम माझ्यासारख्यासाठीच होतं.

रजा संपली आणि मुलाला समुद्रापलीकडे, मलायात पाठवलं. मी इकडे तयारीला लागलो. गळ त्यानं आणून दिले होते, चांगले जाड, समुद्राचे. दोर इथंच करायचा होता. आमच्या शेजारी एक म्हातारा विणकर राहतो. हातमागावर रेशीमकाठी धोतरं विणायचा. मी गिरणीत गेलो म्हणून त्यानं मला जन्मभर टोमणे मारले, पण माणूस जिवाचा. किनारीचं उरलेलं रेशीम त्यानं काढलं, आणि दोघांनी मिळून त्याच्या अंगणात पीळ देऊन लांबलचक दोर वळला. दोर खुंट्यांना ताणून बांधला. मग काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं भाताची खळ शिजवली, मी कुंचा घेतला, आणि दोघांनी दोराला टोकापासून टोकापर्यंत झकास खळ दिली. धागा म्हटला की खळ. आम्ही दोघेही जन्माला आल्यापासून हेच पाहत आलो होतो. वाळल्यावर दोर असा कडक आणि चकचकीत झाला की म्हातारा म्हणाला, "याले तं मगर बी तोडनार नाई."

रविवारी नाईक तलावावर जाऊन मी तो पाण्यात टाकला. थोड्या वेळानं बुडबुडे यायला लागले, बारीक मासोळ्यांचा थवा गोळा झाला. मी खूश. पण गळ ओढला तर आमिष जसंच्या तसं, आणि दोर बोटांत गिळगिळीत लागला. मासोळ्या आमिष सोडून दोराची खळ खात होत्या. तळ्यातल्या सगळ्या पिल्लांना मी त्या दिवशी भात वाढला. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "आपलं चुकलंच गा. मागावरच्या सुताले पानी लागत नाई, हा दोर तं पान्यासाठीच होता." पुढे आम्ही खळ धुऊन काढली आणि दोराला जवसाचं तेल पाजलं.

तरी मला चैन नव्हती. समुद्राचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात रेशीम टिकेल का? मी बादलीत मीठ कालवलं, चांगलं मूठमूठ, आणि दोर त्यात भिजत घालून बादली अंगणात ठेवली. बायको चिडली. एवढ्या मिठात लोणच्याची बरणी झाली असती, असं तिचं म्हणणं. मग तिनं बादलीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. त्यानंतर ती त्या बादलीला "तुमचा समुंदर" म्हणायला लागली. "तुमचा समुंदर सरकवा, मले आंगन झाडायचं हाय," असं.

सिंगापूर पडल्याचं वर्तमानपत्रात आलं तेव्हाही बादली अंगणातच होती. मग बरेच दिवस काही नाही, आणि मग सरकारी कागद आला. मुलगा बेपत्ता. मेला असं नाही, धरला गेला असंही नाही. त्या उन्हाळ्यात बादलीतलं पाणी आटत आटत गेलं आणि कडेला मिठाचा पांढरा थर धरला. दोर मी काढून खुंटीला टांगला, पण ती बादली आम्ही कुणीच उचलली नाही.

आमच्याकडे माणूस देवापाशी मोठं काही मागतो तेव्हा आवडीचा जिन्नस सोडतो. कुणी भात सोडतो, कुणी गूळ. देवाला तेवढंच देण्यासारखं असतं माणसापाशी. बायकोनं रामटेकला जायचं काढलं. गड चढून गेलो, दर्शन झालं, आणि उतरताना पायरीवर टेकून ती माझ्याकडे तोंड करून बोलली. "मी मासे सोडले. पोरगा घरी आला का त्याच्या संग खाईन. तवर नाई खानार, घरात रांधनार बी नाई."

मासे म्हणजे तिचा जीव. ढिवरीण माशांची टोपली घेऊन गल्लीत शिरली की हिला वास आधी लागायचा. मरळीचं डोकं ती स्वतःसाठी ठेवायची आणि इतकं निगुतीनं खायची की ताटात उरलेले काटे धुतल्यासारखे दिसायचे. मुलालाही तिनंच ती गोडी लावली. तो कॉलर ताठ करून हिंडायला लागला तरी ही त्याच्या ताटातले काटे काढून द्यायची. मी म्हणालो, "दुसरं काई सोड वं, वांगे सोड." ती म्हणाली, "वांगे मले आवडत नाईत. देवाले का फसवू?"

त्याच वर्षी मी गिरणीतून निवृत्त झालो. हार घातला, नारळ दिला, प्रत्येकानं माझ्या कानाशी येऊन काहीतरी ओरडून सांगितलं, आणि मी घरी आलो. गळ अडगळीत टाकायचा असं मी ठरवलं होतं. जे घरात रांधायचं नाही ते पकडून करायचं काय? पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बायकोनं खुंटीवरचा दोर काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"जा, तळ्यावर बसा."

"काहून?"

"तो येईन आन तुमाले समुद्रावर घेऊन जाईन. तवा तुमाले गळ टाकता नाई आला तं? हसन तो तुमाले."

दोर उचलला आणि गेलो. आणि मग रोजच जात राहिलो. नाईक तलावाच्या पूर्वेच्या काठाला एक चिंच आहे, तिच्या मुळीवर माझी बैठक. समुद्राचे गळ तळ्यातल्या माशांच्या तोंडापेक्षा मोठे, म्हणून सुरुवातीला काहीच लागायचं नाही. पुढे बेडूक लावून मरळ धरायला शिकलो, कणकेवर रोहू यायला लागले. लागलेला मासा मी परस्पर म्हाताऱ्या विणकराच्या घरी द्यायचो. मग राखेनं हात घासून, अंगावर पाणी घेऊन घरी. मी स्वतः काही सोडलं नव्हतं, पण ती ज्वारीची भाकर आणि चटणी घेऊन बसली असताना मी शेजारी जाऊन मासे खाऊन येणार? तेवढा निर्लज्ज मी नाही.

मी फाटकातून आत शिरलो की ती चुलीपाशी बसल्या बसल्या ओठ हलवून विचारायची, "लागला का?" मी हो किंवा नाही अशी मान हलवायचो. एवढंच. पण तेवढ्यासाठी ती दिवसभर थांबलेली असायची हे मला दिसायचं. मी गळ टाकायला शिकतो आहे, म्हणजे शिकवणीचा उपयोग व्हायचा आहे, म्हणजे मुलगा यायचा आहे. असा तिचा हिशेब होता. माझा असा काही हिशेब नव्हता. मी पाण्याकडे बघत बसायचो आणि मला काही म्हणजे काही सुचायचं नाही. लोकांना वाटतं पाण्याकडे पाहून शांत वाटतं. मला कधी वाटलं नाही. पाणी म्हणजे पाणी, त्यात काही दिसत नाही.

लढाई संपली. कामठीच्या छावणीत कैदेतून सुटलेले लोक यायला लागले. कुणाचा भाऊ आला, कुणाचा नवरा आला, पेढे वाटले गेले. बायकोनं अंगण सारवून ठेवलं, मुलाचं अंथरूण उन्हात घातलं. आणि एका दुपारी कामठीहून एक जण आमचं घर शोधत आला. मुलाच्याच वयाचा असेल, पण वाळलेला, दात पडलेले. मुलाच्या तुकडीत होता.

मी त्याला ओसरीवर बसवलं. बायको आत पाट्यावर वाटण वाटत होती. तो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत बोलायला लागला. खाली मान घालून बोललेलं मला कळत नाही. मी त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणालो, "बेटा, मले आयकू येत नाई. माह्या तोंडाकडं पाहून सांग." त्यानं सांगून टाकलं होतं, सुटला होता बिचारा. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि ह्या वेळी माझ्या डोळ्यांत बघून.

"काकाजी, त्याईले जपानी लोक जहाजात भरून दुसऱ्या बेटावर नेऊन राहिले होते. मी बिमार होतो म्हून गोदीवर राहिलो. ते जहाज पोचलंच नाई. रस्त्यातच बुडालं. कोनी नाई वाचलं."

मी मागं वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. आत वरवंटा चालू होता की थांबला होता, हे मला कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं ती चहा घेऊन बाहेर आली. त्याच्या हातात पेला दिला, आई कशी आहे विचारलं, अजून थोडी साखर हवी का विचारलं. तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. तो उठून गेला. मी तिला म्हणालो, "पोराच्या ओळखीचा होता. काई खबर नाई म्हने." तिनं मान हलवली आणि पेले उचलून नेले.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तिला ऐकू गेलं नाही असं मी धरून चाललो, कारण मला तसंच धरून चालायचं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला दुसऱ्यालाही ऐकू गेलं नसेल असं मानायला सोपं जातं. मी पूर्वीसारखा तळ्यावर जात राहिलो, ती पूर्वीसारखी विचारत राहिली, लागला का. उन्हाळा गेला, पाऊस लागला. रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो, म्हणजे माझं तोंड तिला दिसू नये.

श्रावण लागला होता. एका सकाळी मी दोर खांद्यावर टाकून निघालो आणि फाटकापाशी सवयीनं वळून पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती. माझं लक्ष आहे हे बघून तिनं ओठ हलवले.

"आज मासा घरी आना."

मला वाटलं, वाचण्यात माझीच काही चूक झाली. मी विचारलं, "कोनासाठी?"

"आपल्यासाठी. दोघासाठी."

आणि ती चुलीकडे वळली, जाळ सारखा करायला लागली.

मी तळ्यावर कसा पोचलो ते आठवत नाही. चिंचेच्या मुळीवर बसलो आणि बराच वेळ गळच टाकला नाही. तिला कळलं होतं. त्या दुपारीच कळलं होतं, पहिल्याच खेपेला, मला कळायच्याही आधी. इतके महिने तिनं एकटीनं ते आत ठेवलं आणि रोज मला विचारत राहिली, लागला का. मी तिला सांभाळतोय असं मला वाटत होतं. तीच मला सांभाळत होती. आणि आता तिचं बळ सरलं होतं.

मग गळ टाकला. काठाजवळ पाण्यावर तांबड्या पिल्लांचा गोल फिरत होता. पावसाळ्यात मरळीची पिल्लं अशी दिसतात आणि त्यांच्या खाली मायबाप राखणीला असतात. त्या वेळी मरळ धरणं सगळ्यांत सोपं, कारण ती पिल्लं सोडून जात नाही, जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. माझ्या बेडकावर ती तशीच तुटून पडली. ओढून काठावर घेतली. चांगली हातभर लांब, जड. पाण्यात तो तांबडा गोल सैरभैर झाला होता. मी तिच्या जबड्यातून गळ काढला आणि तिला परत पाण्यात लोटलं. ती बाहेर असेपर्यंत मला फक्त घरची चूल दिसत होती आणि चुलीवरची कढई.

घरी गेलो. "लागला का?" मी मान हलवली, नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे पुढे तर मी गळाला आमिषच लावत नव्हतो, नुसता दोर पाण्यात सोडून बसायचो. जोवर मासा घरात येत नाही तोवर तिचं सोडलेलं सोडलेलंच राहील, आणि जोवर ते आहे तोवर मुलगा कुठंतरी वाटेत आहे. मला ठाऊक होतं तो वाटेत नाही. तरी मी त्या रिकाम्या गळाला धरून बसलो होतो. आशा म्हणतात ती हीच असेल तर फार वाईट चीज आहे. एकदा बायकोनं माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला, आणि ओठ हलवले, "आज तं तळ्याचा वास बी नाई." मग म्हणाली, "लागन उद्या."

माझ्यासाठी ती थांबली होती. आणि मग तिनं थांबणं सोडलं.

त्या दिवशी फाटकातून शिरलो तेव्हा तिनं काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कान गेलेल्या माणसाचं नाक शाबूत असतं. अंगणभर लसूण, तिखट आणि माशाचा वास पसरला होता. गल्लीत ढिवरीण आली होती, तिच्याकडून तिनं मरळ घेतली होती. अंगणाच्या कोपऱ्यातली ती समुंदराची बादली घासून पालथी घातलेली होती.

"हात धुवा," ती म्हणाली. "जेवून घ्या."

मी पाटावर बसलो. एरवी ती माझं झाल्यावर जेवते. त्या दिवशी तिनं दुसरं ताट वाढून माझ्या शेजारी ठेवलं आणि बसली. मला म्हणायचं होतं, नको खाऊस. अजून थांब. काय म्हणून थांब म्हणणार होतो? तिनं तुकडा हातात घेतला, काटे काढले, ते नेहमीसारखे ताटाच्या कडेला एका रांगेत लावले, आणि पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवला. ज्याच्या ताटात ती हे करायची तो नव्हता, म्हणून माझ्या ताटात. मग स्वतःचा घास तोंडात घातला. चावला. गिळला. मी तिच्याकडेच पाहत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

मीही खाल्लं. कालवण उत्तम झालं होतं, इतक्या वर्षांत तिचा हात बिघडला नव्हता. कधी नव्हे ते मी जेवताना रडलो, आणि तिनं मला रडू दिलं.

मग तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला. तिला काही विचारायचं असलं की ती असाच हात लावते, मी वर बघावं म्हणून. मी वर पाहिलं.

"तो लेप," ती म्हणाली. "समुद्राच्या तळाशी वाळूत पडून राहते आन दोन्ही डोळ्यानं वरतं पाहत राहते म्हने. खरं असन का ते?"

"खरंच असन," मी म्हणालो. "त्यानं सोता पाहिलं होतं ना."

तिनं मान हलवली आणि पुढचा घास घेतला.